हिज्कीयाने वेद्या का पाडल्या?

प्रश्न : यरुशलेम राजधानी असलेल्या प्राचीन यहूदा राज्याच्या हिज्कीया राजाने गावोगावची उपासनास्थाने मोडली ती धर्मासाठी, की अश्शूर (असीरिया) या बलाढ्य साम्राज्याविरुद्धच्या बंडाची तयारी म्हणून?

उत्तर : हे दोन हेतू वेगळे काढायला जाऊ नये, त्या काळी ते वेगळे नव्हतेच. बायबलातील ‘दुसरे राजे’, अध्याय 18 प्रमाणे त्याने उच्च स्थाने (गावोगावची उपासनास्थाने) काढून टाकली, स्तंभ फोडले, अशेरा देवीचा पूजेचा खांब तोडला आणि नहुश्तान नावाचा पितळी साप चुरडला. यातले शेवटचे काम सर्वांत धाडसाचे. तो साप परका देव नव्हता. खुद्द आद्य धर्मनेता मोशे याने घडवलेला म्हणून लोक त्याला धूप जाळत. यहूदाच्या दक्षिणेतल्या बैर-शेबा नगराच्या उत्खननात शिंगांच्या वेदीचे घडीव दगड भिंतीत चिणलेले सापडले. त्यांचा संबंध याच मोहिमेशी जोडतात, पण त्यावर एकमत नाही.

उपासना यरुशलेमच्या एका मंदिरात आली की माणसांची निष्ठाही राजधानीकडे वळते. इ.स.पू. 705 मध्ये अश्शूरचा राजा सर्गोन रणात पडला आणि हिज्कीयाने खंडणी थांबवली. त्या काळातल्या सुमारे 45 लिटरच्या रांजणांच्या कानांवर ‘राजाचे’ असा शिक्का आणि चारपैकी एका गावाचे नाव आढळते. धान्य-तेलाचा कारभारही राजाच्या हाती एकवटत होता, असा याचा अर्थ मी लावतो.

पण या सुधारणेची किंमतही होती. इ.स.पू. 701 मध्ये सर्गोननंतरचा अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. यरुशलेमच्या वेढ्याच्या वेळी त्याचा सरदार रब्शाके तटाखाली उभा राहून मुद्दाम लोकांच्या भाषेत विचारतो : ज्या देवाच्या वेद्या हिज्कीयाने पाडल्या, त्याच्यावरच तुमचा भरवसा ना? खेड्यातली वेदी गमावलेल्यांच्या मनातली सल शत्रूने नेमकी हेरली होती.

प्रश्न : हिज्कीयाचा यरुशलेमला पाणी आणणारा, दोन टोकांकडून खणलेला बोगदा मध्ये जुळला कसा?

उत्तर : गिहोन झरा तटाबाहेर होता. त्याचे पाणी आत शिलोहच्या तळ्यात आणायला 533 मीटरचा नागमोडी बोगदा खोदला. सरळ अंतर मात्र जेमतेम 320 मीटर. बोगद्यात 1880 मध्ये सापडलेला लेख सांगतो की तीन हात खडक उरला तेव्हा पलीकडच्या माणसांची हाक ऐकू आली, मग कुदळीला कुदळ भिडली आणि पाणी 1200 हात वाहिले. जुळणीच्या जागेजवळ अर्धवट सोडलेल्या आंधळ्या वाटा आजही दिसतात : आवाजाचा माग काढताना दोन्ही तुकड्या चुकत होत्या. खरी करामत उताराची. एवढ्या लांबीत तळ जेमतेम 30 सेंटिमीटर उतरतो. दक्षिणेकडे छत फार उंच आहे, कारण जुळणीनंतर पाणी वाहावे म्हणून तिथला तळ आणखी खोल घ्यावा लागला.

प्रश्न : मग इ.स.पू. 701 मध्ये जिंकले कोण?

उत्तर : यरुशलेम पडले नाही, देश मात्र उद्ध्वस्त झाला. सन्हेरीब 46 तटबंद नगरे घेतल्याचे आणि 2,00,150 माणसे नेल्याचे लिहितो. हा दुसरा आकडा फुगवलेला वाटतो. यहूदाच्या लाखीश नगराच्या तटाला त्याने दगडमातीचा चढ लावला, आतल्यांनी त्यासमोर तटाच्या आतून भराव रचला, तरी ते पडले. खंडणीत 30 किक्कार (वजनाचे जुने माप) सोने दोन्ही नोंदींत जुळते. चांदी बायबलात 300, सन्हेरीबच्या लेखात 800. अश्शूरची राजधानी निनवे इथल्या राजवाड्यात त्याने लाखीशचा पाडाव भिंतभर कोरून घेतला, आणि हिज्कीयाची घेतलेली नगरे अश्दोद, एक्रोन व गाझाच्या राजांना वाटून दिली.