मिनियापोलिसचा हिवाळा: कॉन्सर्ट, बर्फातली गाडी आणि रोजचे जगणे

तुम्ही येत्या जानेवारीत पत्नी आणि पाच वर्षांच्या मुलीसह पुण्याहून अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला येत आहात आणि दोन गोष्टी विचारल्या आहेत. कॉलेजपासून जपलेली लाइव्ह रॉक कॉन्सर्टची आवड येथे नोव्हेंबर ते मार्च बासनात गुंडाळून ठेवावी लागेल का, ही पहिली. आणि ज्याने आजवर बर्फ पाहिलेलाच नाही त्याने बर्फात गाडी चालवण्याच्या फंदात पडावे का, ही दुसरी. मी मूळची सांगलीची आणि येथील हा माझा चौदावा हिवाळा आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर 'मुळीच नाही' असे आहे, तर दुसऱ्याचे 'चालवा, पण आधी शिका' असे. ही दोन्ही उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, कारण जानेवारीत रात्री दहा वाजता कॉन्सर्टहून सुखरूप घरी येणे ज्याला जमले, त्याला येथील हिवाळा जमला असे मी समजते.

आधी थंडीविषयी. जानेवारीत येथे दिवसाचे कमाल तापमान सरासरी उणे ५ आणि रात्रीचे किमान उणे १३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पण सरासरीवर विसंबू नका, कारण ३० जानेवारी २०१९ रोजी पारा उणे ३३ पर्यंत उतरला होता. खरी भीती आकड्यापेक्षा वाऱ्याची असते. तापमान उणे १८ असताना ताशी २४ किलोमीटर वेगाने वारा वाहू लागला, तर शरीराला उणे २८ ची थंडी लागते आणि उघडी त्वचा अर्ध्या तासात गोठू शकते. म्हणून कान, नाक आणि बोटे यांची काळजी सर्वांत आधी घ्या. जाड कोट पुण्यात विकत घेऊ नका. तेथे मिळणारा कोट महाबळेश्वरच्या थंडीसाठी ठीक असतो, येथे त्याचा उपयोग नाही. आतून अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर्मल, त्यावर स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडवणारा कोट असे तीन थर करा. अंगालगत सुती बनियन नको, कारण तो घाम धरून ठेवतो आणि तोच ओलावा नंतर अंग गारठवतो. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र राहतील असे मोजे जास्त ऊब देतात. या सर्वांत बुटांवर मात्र हात आखडता घेऊ नका.

आता कॉन्सर्टविषयी. तुम्ही अगदी योग्य गावी येत आहात. शहराच्या मध्यभागी असलेले फर्स्ट ॲव्हेन्यू हे सभागृह १९७० मध्ये ग्रेहाउंड बसच्या जुन्या स्थानकाच्या इमारतीत सुरू झाले, आणि याच शहरात जन्मलेल्या प्रिन्स या प्रसिद्ध गायकाचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. काळ्या भिंतीवर तेथे गाऊन गेलेल्या कलाकारांच्या नावांचे पांढरे तारे रंगवले आहेत आणि त्यांत प्रिन्सचा तारा सोनेरी आहे. मुख्य दालनात सुमारे दीड हजार माणसे मावतात, बहुतेक उभीच. शेजारच्या 'सेव्हन्थ स्ट्रीट एंट्री' या छोट्या खोलीत अडीचशे लोकही दाटीवाटीने उभे राहतात आणि गिटारवाला हाताच्या अंतरावर असतो. मला स्वतःला ही छोटी खोली अधिक प्रिय आहे, कारण नवे बँड तेथेच ऐकायला मिळतात. हिवाळ्यात हे सारे सुरूच असते. माझ्या अनुभवात तर फेब्रुवारीतला श्रोता जुलैतल्या श्रोत्यापेक्षा अधिक मनापासून ऐकतो, कारण तो एवढ्या थंडीतून ठरवून आलेला असतो.

अडचण असते ती कोटाची. बाहेर उणे १५ आणि आत शेकडो माणसांची ऊब, त्यामुळे पहिल्या दोन गाण्यांतच कोट अंगावर नकोसा होतो आणि तीन तास हातात धरून उभे राहणेही शक्य नसते. थोडे पैसे देऊन कोट जमा करता येतो, तो अवश्य करा. मात्र टोपी आणि हातमोजे कोटाच्या बाहीत खोचून मगच द्या. कार्यक्रम संपल्यावर कोटासाठी रांग लागते. कितीही घाई असली तरी घामेजल्या अंगाने बाहेर पडू नका. कोटाची चेन गळ्यापर्यंत लावून मगच दार उघडा. मोठ्या आवाजापासून बचावासाठी कानात घालायचे बोळेही जवळ ठेवा. पहिले काही महिने गाडीऐवजी लाइट रेलने, म्हणजे शहरातल्या छोट्या रेल्वेने जा, असा माझा आग्रह राहील. विमानतळाकडून येणारी ब्लू लाइन आणि शेजारच्या सेंट पॉल शहराकडून येणारी ग्रीन लाइन या दोन्ही वेअरहाउस डिस्ट्रिक्ट स्थानकावर थांबतात, आणि तेथून फर्स्ट ॲव्हेन्यू काही मिनिटांच्या चालीवर आहे. शहरातल्या इमारतींना पहिल्या मजल्यावरून (येथे त्याला दुसरा म्हणतात) जोडणारे बंदिस्त पूल, म्हणजे स्कायवे, दिवसा फार उपयोगी पडतात. पण रात्री त्यांतले बरेचसे बंद होतात, तेव्हा परतीसाठी त्यांच्यावर अवलंबून राहू नका.

गाडीविषयी मी थोडे सविस्तर लिहिते, कारण येथे चूक महागात पडते. माझ्या पहिल्या डिसेंबरमध्ये, एका मोकळ्या रस्त्यावर पुढचा सिग्नल पिवळा झाला म्हणून मी ब्रेक दाबला. त्या क्षणी पहिल्यांदा जाणवले ते हे, की टायरचा आवाजच थांबला. रस्त्याची नेहमीची घरघर बंद झाली, पायाखाली ब्रेकचे पेडल थरथरू लागले आणि गाडी संथपणे, तिरकी होत, चौकाकडे सरकत राहिली. समोरून कोणी येत नव्हते म्हणून वाचले. तो रस्ता ओला दिसत होता, पण प्रत्यक्षात त्यावर बर्फाचा पारदर्शक पातळ थर होता. यालाच ब्लॅक आइस म्हणतात. तेव्हापासून टायरचा आवाज एकाएकी शांत झाला की मी ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद काढते आणि स्टीअरिंगला किंवा ब्रेकला झटका देत नाही. गाडी घसरलीच, तर जिकडे जायचे आहे तिकडे पाहा आणि स्टीअरिंग हळूच तिकडे वळवा. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत ब्रेक दाबून धरावा. पेडल थरथरले म्हणून सोडू नये.

पूल रस्त्याआधी गोठतात, कारण त्यांना वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते, आणि मिसिसिपी नदीमुळे या शहरात पुलांना तोटा नाही. रस्त्यावर टाकलेले मीठ साधारण उणे ९ अंशांच्या खाली फारसे काम करत नाही, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत काळाभोर दिसणारा रस्ताही निसरडा असू शकतो. चारही चाकांना जोर देणारी गाडी घेतली की निर्धास्त झालो, असा आपल्या लोकांत मोठा गैरसमज आहे. ती गाडी निघताना मदत करते, थांबताना नाही. थांबण्यासाठी हिवाळी टायर हवेत. मिनेसोटात त्यांची सक्ती नाही, तरीही सुमारे ७ अंशांखाली साध्या टायरचे रबर कडक होऊ लागते, म्हणून मी दरवर्षी ते बदलून घेते. निघण्यापूर्वी केवळ काच खरवडून भागत नाही, टपावरचा बर्फही झाडावा लागतो. नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो सगळा पुढच्या काचेवर येतो. गाडीत फावडे, घोंगडी, टॉर्च, जंपर केबल (बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायच्या तारा) आणि चिक्कीचे एक पाकीट कायम ठेवा. कुठे अडकलात तर गाडी सोडून चालू लागू नका. इंजिन तासाला दहा मिनिटेच चालू ठेवा, आणि त्याआधी मागचा एक्झॉस्ट पाइप बर्फाने बुजलेला नाही ना, हे पाहा, कारण तो बुजला तर विषारी वायू आत शिरतो.

मिनेसोटात राहायला आल्यावर ६० दिवसांत येथील लायसन्स काढावे लागते, म्हणजे तुमची परीक्षा बहुधा बर्फातच होईल. त्याआधी रविवारी सकाळी एखादे रिकामे पार्किंग शोधा, परवानगी घ्या, आणि अनुभवी माणसाला शेजारी बसवून मुद्दाम ब्रेक दाबून गाडी कशी घसरते हे अनुभवा.

पार्किंगची शिस्त वेगळी शिकावी लागते. मोठा बर्फ पडला की शहर 'स्नो इमर्जन्सी' जाहीर करते. पहिल्या रात्री ९ ते सकाळी ८ मुख्य ठरलेल्या रस्त्यांवर गाडी लावता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते रात्री ८ इतर रस्त्यांची सम घरक्रमांकांची बाजू मोकळी ठेवायची, आणि तिसऱ्या दिवशी विषम. हे चुकले की दंड होतो आणि गाडीही उचलून नेतात. कॉन्सर्टच्या संध्याकाळी बर्फ पडत असेल तर ही सूचना पाहिल्याशिवाय रस्त्यावर गाडी लावू नका.

राहता राहिला मुलीचा प्रश्न, आणि तोच सर्वांत सोपा आहे. डिसेंबरअखेर सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे शाळेतून आल्यावर घरात बसण्याची सवय लागली की उदासी येते. आमच्या पहिल्या वर्षी तसेच झाले. मुलांना रोज बाहेर काढा. उद्यानांतल्या टेकड्यांवर घसरगुंडी असते, स्केटिंगसाठी बर्फाची मैदाने तयार केलेली असतात, आणि संक्रांतीच्या सुमारास गोठलेल्या तलावावर पतंगोत्सवही भरत आला आहे. तिळगूळ खिशात घालून बर्फावर उभे राहून पतंग उडवणारी मराठी कुटुंबे मी तेथे पाहिली आहेत. मात्र आपल्या मनाने कोणत्याही तलावावर उतरू नका. चालण्यासाठी किमान १० सेंटिमीटर जाडीचा निर्मळ बर्फ लागतो.

मुलीच्या पायाचे माप इंचांत मोजून कळवा. माझ्या धाकटीचे बूट आणि बर्फात घालायची पँट अजून चांगल्या अवस्थेत आहेत. तुम्ही विमानतळावर उतराल तेव्हा मी ते घेऊन येईन, म्हणजे दारातून बाहेर पडताना तिचे पाय कोरडे राहतील.