काटकसर कुणाची आणि कसर कुणाला?

बडोद्याच्या एका वाचकांनी विचारले आहे की 'ऑस्टेरिटी'ला (म्हणजे तूट आणि कर्ज आवरण्यासाठी सरकार खर्च कापते, कर वाढवते त्या धोरणाला) मराठीत काटकसर म्हणावे की मितव्यय. 'सरकारच्या काटकसरीमुळे गरिबी वाढली' असे त्यांच्या वाचनात आले. काटकसरीने घर वर येते, मग गरिबी कशी वाढेल, ही त्यांची खरी शंका. जाता जाता त्यांनी हेही विचारले आहे की शेजारचे गुजराती लोक 'करकसर' म्हणतात तो आपलाच शब्द का.

मितव्यय आधी निकालात काढू. 'मितव्ययिता' हे हिंदी सरकारी परिपत्रकांचे लाडके लेकरू. आपल्याकडे ते शेपूट कापून येते. मित म्हणजे मोजका, आणि मोजका खर्च सरकारने बरकतीच्या सालीही करायचा असतो. त्याहून डोक्यात जातो तो 'सरकारने पट्टा आवळला' हा मथळा. मराठी माणूस कंबर कसतो ती कामाला भिडण्यासाठी. उपाशी राहून पैसा वाचवायचा तर तो पोटाला चिमटा घेतो. पट्टा आवळणे ही इंग्रजीवरून उतरवलेली नक्कल आहे. आणि सरकारी तूट कमी करण्याला 'राजकोषीय सुदृढीकरण' म्हणणाऱ्यांना काय म्हणावे? अंगावरचे मांस उतरवायचे आणि त्याला सुदृढ म्हणायचे!

आता काटकसर. यातला 'काट' संस्कृत कृत् म्हणजे कापणे या धातूकडचा. कात्रीही त्याच घरची, कर्तरीवरून आलेली. (व्याकरणातला कर्तरी प्रयोग निराळा, तो कर्त्याचा, दोन्हींची गल्लत करू नये.) खरी मौज 'कसर'मध्ये आहे. अरबी 'कस्र' म्हणजे मोडणे, मोडून पडलेला तुकडा. उर्दू गणितात अपूर्णांकाला आजही कसरच म्हणतात. पूर्ण आकडा मोडला की जो तुकडा पडतो ती कसर. मराठीत तिचा अर्थ उणीव असा झाला, म्हणून आपण 'कसर भरून काढतो'.

कोशकार बहुधा इथेच थांबतात आणि 'मितव्यय, बचत' असे लिहून मोकळे होतात. माझे त्यांच्याशी भांडण इथेच आहे. कसरीचा अर्थ कोशापेक्षा हिशेबाच्या वहीत नीट कळतो. बडोद्यात तर तो हाताशी आहे: मांडवी-रावपुऱ्यातल्या व्यापाऱ्याच्या हिशेबात 'कसर-वटाव' नावाचे खाते सापडेल, चोपडे जाऊन संगणक आला तरी. बिल १०,०१३ रुपयांचे, गिऱ्हाइकाने १०,००० टेकवले, तर १३ रुपये कसर-वटाव खाती जातात. विकणाऱ्याच्या वहीत ते नावे पडतात, घेणाऱ्याच्या वहीत तेच १३ रुपये जमा होतात. कसर कधी एका वहीत मावत नाही. एकाने वाचवली ती दुसऱ्याची बुडाली.

माझ्या मते वाचकांच्या शंकेचे उत्तर याच खात्यात आहे. घरात काटकसर होते तेव्हा कापणारा हात आणि चिमटा बसणारे पोट एकाच घरातले असते. भाषाही तेच सांगते. 'आम्ही काटकसर केली' हे वाक्य तेवढ्यावर पुरे होते, ती कुणावर केली असे कुणी विचारत नाही. 'कात्री लावली' म्हटले की मात्र 'कशाला?' हा प्रश्न लगेच येतो: शिष्यवृत्तीला, दवाखान्याच्या औषधांना, शाळेच्या खोल्यांना. सरकारचा खर्च म्हणजे कुणाचे तरी उत्पन्न. तेव्हा सरकारची कसर दुसऱ्याच कुणाच्या वहीत नावे पडणार हे उघड आहे.

आपल्याकडे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०१४ मध्ये आदेश काढला होता: योजनेतर (पंचवार्षिक योजनांबाहेरच्या) खर्चात १० टक्के कपात, विमानाचा पहिला वर्ग बंद, पंचतारांकित हॉटेलांत बैठका नकोत. यातल्या विमानाला आणि हॉटेलाला काटकसर म्हणा, माझी हरकत नाही. साहेब मागच्या वर्गात बसले, चिमटा साहेबांनाच. फेब्रुवारी २०१२ मध्ये ग्रीसने कर्जदात्यांच्या अटीखाली किमान वेतन एका फटक्यात २२ टक्क्यांनी उतरवले, २५ वर्षांखालच्यांचे ३२ टक्क्यांनी. आणि १८७७ च्या मद्रास दुष्काळात ब्रिटिश सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराची दिवसाची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि तेही दिवसभर खडी-माती उपसून. या दोन्हींना काटकसर म्हणणे ही शब्दाची विटंबना आहे.

कात्री गरिबालाच का लागते? अर्थसंकल्पातला मोठा भाग आधीच बांधलेला असतो: कर्जावरचे व्याज, पगार, निवृत्तिवेतन. तिथे हात घालता येत नाही. मग उरते ते नवे बांधकाम, शिष्यवृत्त्या, पोषण, दुरुस्ती. त्यात आणखी एक पाचर आहे. केंद्राच्या खात्यांना शेवटच्या तिमाहीत वर्षाच्या तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांवर खर्च करता येत नाही, असा दंडक आहे. मार्चची उधळपट्टी थांबावी हा हेतू चांगलाच. पण मंजुरीचा कागद उशिरा हलला तर योजनेचा पैसा खर्चच होत नाही, आणि 'निधी परत गेला' असे आपण ऐकतो. कागदावर कुणी काहीच कापलेले नसते.

न कापता कापण्याची आणखी एक रीत आहे: रक्कम गोठवायची. पुस्तकाला लागणारी कसर (हा किड्याचा शब्द, वरच्या अरबीत मिसळू नका) बांधणी तशीच ठेवून आतली पाने खाते, तसा हा प्रकार. दर साल ६ टक्के भाववाढ धरली तर १२ वर्षांत गोठवलेल्या रकमेची किंमत निम्मी होते. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शन योजनेत ८० वर्षांखालच्या वृद्धाला केंद्राचा वाटा २००७ साली महिना २०० रुपये होता, पुढेही तो २०० च राहिला. राज्ये आपली भर घालतात ती वेगळी. ब्रिटनमध्ये हेच उघडपणे झाले: २०१३ पासून तीन वर्षे कामाच्या वयातल्या लोकांच्या बहुतेक सरकारी भत्त्यांत वाढ फक्त १ टक्का, मग २०१६ पासून चार वर्षे शून्य. त्याआधी जानेवारी २०११ मध्ये तिथला मूल्यवर्धित कर (व्हॅट, खरेदीवरचा कर) साडेसतरावरून २० टक्क्यांवर नेला होता. जो सगळी कमाई दुकानात ओततो त्याच्या कमाईचा मोठा वाटा या कराखाली येतो. जो निम्मी बाजूला टाकतो त्याचा बराच कमी. विषमता वाढायला याहून सोपा जिना नाही.

बरे, एवढे करून कर्ज तरी फिटते का? आकडे मांडून पाहा. देशाचे उत्पन्न १००, कर्ज १२०, आणि सरकारने खर्च ३ ने कापला. कापलेल्या रुपयामागे उत्पन्न अर्ध्या रुपयाने घटले तर उत्पन्न ९८.५ होते. उत्पन्नाच्या ४० टक्के कर येतो असे धरले तर करात ०.६ ची खोट, म्हणजे खरी बचत २.४. कर्ज ११७.६, उत्पन्नाच्या ११९.४ टक्के. थोडे का होईना, उतरले. आता रुपयामागे दीड रुपया घटला असे धरा. उत्पन्न ९५.५, करात १.८ ची खोट, बचत १.२. कर्ज ११८.८, पण उत्पन्नाशी प्रमाण १२४.४ टक्के. कापूनही बोजा चढला! आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार आणि त्यांचे सहकारी डॅनियल ली यांनी जानेवारी २०१३ मध्ये हेच दाखवले: २००८ नंतरच्या मंदीच्या सुरुवातीच्या वर्षांत ही घट अंदाजकर्त्यांनी धरली होती त्याहून बरीच जास्त निघाली. ग्रीसचे उत्पन्न पाच-सहा वर्षांत चौथाईने आटले, २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली, आणि कर्जाचे प्रमाण उतरण्याऐवजी चढले. नाणेनिधीच्याच तिघा अर्थतज्ज्ञांनी २०१६ साली लिहिले की राष्ट्रीय उत्पन्नाच्या १ टक्का एवढ्या कपातीमागे विषमतेचा गिनी निर्देशांक पाच वर्षांत दीड टक्क्याने वाढतो.

कात्री कधीच लावू नये असे मी म्हणत नाही. १९९१ च्या उन्हाळ्यात आपली परकीय गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. पण तिला कात्रीच म्हणावे. मराठीत यासाठी शब्द उसने आणायची गरज नाही: खर्चकपात आहे, निधीला कात्री आहे, 'सरकारने हात आखडता घेतला' आहे. यातला शेवटचा मला सर्वांत आवडतो, कारण त्यात हात सरकारचाच राहतो.

'ऑस्टेरिटी' ज्यावरून आला त्या ग्रीक 'ऑस्टेरॉस'चा मूळ अर्थ, ज्याने जीभ कोरडी खरबरीत होते ते, म्हणजे आपले तुरट. 'तुरट धोरण' चालेल का? कुणी छापणार नाही, पण अर्थाने अचूक आहे.

आणि हो, करकसर. त्यातला 'कर' म्हणजे सरकारी कर असे कुणी सांगितले तर ऐकून सोडून द्या. मला तो काटचाच झिजलेला अवतार वाटतो, काटकसर, कडकसर, करकसर असा घसरत आलेला. पुरावा मागू नका, पण बडोद्यात दोन्ही शब्द एकाच जिन्यात ऐकू येतात. बोलताना करकसर खुशाल म्हणा, मराठीत लिहिताना काटकसर लिहा.