रंगवून ठेवलेली पाटी

प्रश्न : मी गेली २६ वर्षे तालुक्याच्या गावी कान-नाक-घशाचे स्वतःचे हॉस्पिटल चालवतो. एकुलत्या एक मुलीची एम.बी.बी.एस. आणि इंटर्नशिप पूर्ण झाली असून नीट-पीजीमध्ये एम.एस. ईएनटीला सहज प्रवेश मिळेल इतकी चांगली रँक तिला मिळाली आहे. तिच्यासाठी कर्ज काढून दुसरा मजला बांधला, नवा मायक्रोस्कोप घेतला, तिचे नाव आणि ‘एम.एस. (ईएनटी)’ लिहिलेली पाटीसुद्धा रंगवून ठेवली. आता ती म्हणते, मला हॉस्पिटल चालवायचे नाही, क्लिनिकल रिसर्च करायचा आहे. त्यासाठी एका खासगी संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा तिने पाहून ठेवला आहे. इंटर्नशिपमध्येसुद्धा चक्कर येणाऱ्या रुग्णांपैकी कोणाला नुसत्या गोळ्या दिल्या, कोणाला टेबलावर आडवे करून डोके फिरवले, हे ती वहीत लिहायची आणि आठव्या दिवशी त्यांना फोन करायची. हा कारकुनी नाद आहे. मी हजारो शस्त्रक्रिया केल्या, मला कधी संशोधनाची गरज पडली नाही. तिला कसे समजवावे? आणि तिने ऐकलेच नाही, तर हॉस्पिटलचे काय करू?

उत्तर : डॉक्टर, तुमच्या पत्रात मुलीची रँक चांगली आहे, विषयाची आवड उघड आहे आणि वहीतले काम तर फारच आश्वासक आहे, मला काळजी वाटली ती पाटीची. प्रवेश अजून व्हायचा आहे, शाखा निवडायची आहे, पुढची तीन वर्षे जायची आहेत, आणि नावापुढची पदवी रंगाऱ्याने लिहूनही दिली आहे. मजला, मायक्रोस्कोप, पाटी हे सारे तिच्यासाठी केले असे तुम्ही लिहिता. यांपैकी कोणती गोष्ट तिला विचारून केली, याचा पत्रात उल्लेख नाही. घरात दर महिन्याला हप्त्याची आठवण निघत असेल आणि ती आपल्याचमुळे आहे असे तिला वाटत असेल, तर ‘मला हॉस्पिटल नको’ हे वाक्य उच्चारायला तिला किती दिवस लागले असतील, याचा विचार तुम्ही करावा असे मला वाटते. कर्जाच्या कागदांवर सहकर्जदार म्हणून तिची सही घेतली असेल, तर ती काढून घेण्यासंबंधी बँकेत जाऊन विचारावे. हे करिअर मार्गदर्शकाचे काम नव्हे, तरीही सांगते, कारण असा दबाव घरात असताना दिलेल्या सल्ल्याचा उपयोग होत नाही.

आता वहीबद्दल. तुम्हाला हे ठाऊकच आहे, इतर वाचकांसाठी लिहिते. अंथरुणात कूस बदलली की खोली गरगर फिरते आणि अर्ध्या-एक मिनिटात थांबते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकांच्या आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत गेलेले असतात. रुग्णाला टेबलावर बसवून मान बाजूला वळवायची, झटकन आडवे करून डोके टेबलाच्या कडेखाली किंचित लोंबू द्यायचे, बुबुळे थरथरतात का ते पाहायचे आणि मग डोके ठरावीक क्रमाने दुसऱ्या बाजूला वळवत नेऊन रुग्णाला उठवून बसवायचे. काही मिनिटांचे हे काम, त्याला ना यंत्र लागते ना औषध. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातले कानाचे सर्जन जॉन एप्ली यांनी ही पद्धत मांडली, तेव्हा डोके फिरवून चक्कर बरी होते हे अनेक सहकाऱ्यांना पटले नव्हते. १९९२ साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर इतरांनी केलेल्या तुलनात्मक चाचण्यांनी ही पद्धत प्रस्थापित केली. असे असूनही महिनोन्‌महिने चक्करच्या गोळ्या खात राहिलेले रुग्ण आपल्याकडे आजही भेटतात. तुमची मुलगी वहीत नेमका हाच फरक टिपत होती. तिच्या नोंदींत एक मोठा दोष आहे : गोळ्या कोणाला आणि टेबल कोणाला, हे त्या दिवशीच्या डॉक्टरने आपल्या मर्जीने आणि हाताशी असलेल्या वेळानुसार ठरवले, त्यामुळे दोन्ही गट सारखे होते असे म्हणता येत नाही. पण हा दोष कसा टाळायचा ते शिकवता येते. आठव्या दिवशी आठवणीने फोन करण्याची वृत्ती कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवून येत नाही, आणि तुम्ही तिला कारकुनी म्हणता याचे मला वाईट वाटले.

‘मला कधी संशोधनाची गरज पडली नाही’ हे तुमच्या पत्रातले सर्वांत चुकीचे वाक्य आहे. एका रात्रीत चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेला, म्हणजे बेल्स पाल्सीचा रुग्ण घ्या. स्कॉटलंडमध्ये अशा ५५१ रुग्णांना लक्षणे दिसल्यापासून ७२ तासांच्या आत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने गटांत विभागून उपचार दिले गेले. त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी नऊ महिन्यांनी सुमारे ९४ टक्के पूर्ण बरे झाले होते, न घेतलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के. विषाणूविरोधी ॲसायक्लोव्हिरने मात्र काहीच भर घातली नाही. यातला ८२ हा आकडा नीट पाहा. स्टेरॉइड न घेताही शंभरातले इतके जण बरे होणारच असतील, तर त्यांना कोणी जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली काय आणि कोणी गालावर कबुतराचे रक्त चोळले काय, यश त्याच्याच खात्यावर जमा होणार आणि वीस वर्षांनी तोही शपथेवर सांगणार की माझा अनुभव आहे. तुमचा हात किती तयार आहे याबद्दल मला शंका नाही. पण बरा झालेला रुग्ण आपल्यामुळे बरा झाला की आपोआप, आणि परत न आलेला रुग्ण बरा झाला की कंटाळून शहरातल्या डॉक्टरकडे गेला, या प्रश्नांची उत्तरे एकट्या डॉक्टरच्या अनुभवातून मिळत नाहीत, मग तो अनुभव कितीही वर्षांचा असो. ती उत्तरे ज्या संशोधनातून आली त्याच्यावरच तुमचे रोजचे प्रिस्क्रिप्शन उभे आहे. संशोधनाची गरज तुम्हाला रोज पडते, ते करण्याचे कष्ट दुसऱ्या कोणीतरी घेतले एवढेच.

हे सारे परदेशातच घडते असेही नाही. मिश्री-तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झालेले तुमच्या भागातले रुग्ण तुम्ही परळला पाठवत असाल. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णाच्या मानेत गाठ हाताला लागत नसताना तोंडातल्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतल्या लसिका ग्रंथीही काढाव्यात, की गाठ आल्यावर काढाव्यात, यावर जगभरच्या सर्जनांत वर्षानुवर्षे वाद होता. तो परळच्याच टाटा मेमोरियल कर्करोग रुग्णालयातल्या सर्जनांनी २००४ ते २०१४ या काळात रुग्णांची दोन गटांत विभागणी करून तपासला. ५०० रुग्णांच्या विश्लेषणात तीन वर्षांनी, ग्रंथी आधीच काढलेल्या गटात ८० टक्के रुग्ण हयात होते, तर थांबून पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. म्हणजे दर आठ रुग्णांमागे एकाचा जीव. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांचे सहकारी हे काम करत होते तेव्हा त्यांनी हातातली सुरी खाली ठेवलेली नव्हती. रोजची ओपीडी आणि शस्त्रक्रिया सांभाळूनच, आणि आपल्याच रुग्णांविषयी, त्यांनी तो प्रश्न विचारला होता.

इथे मला तुमच्या मुलीलाही दोन शब्द सुनवायचे आहेत. एक वर्षाचा डिप्लोमा हा मार्ग नाही. अशा अभ्यासक्रमांतून औषध कंपन्यांच्या चाचण्यांचे समन्वयक, पाहणी करणारे मॉनिटर, नोंदी तपासणारे कर्मचारी घडतात. संमतीपत्रावर तारीख आहे का, दुष्परिणामाची नोंद वेळेत झाली का हे पाहणारे हे लोक नसतील तर एकही चाचणी विश्वासार्ह राहणार नाही. पण तिथे प्रश्न दुसऱ्याचा असतो आणि तिने फक्त त्याचे कागद सांभाळायचे असतात. ज्या मुलीला स्वतःचा प्रश्न पडला आहे, तिने केवळ वडिलांच्या हॉस्पिटलातून सुटका म्हणून तिकडे जाऊ नये. चक्करच्या, घोरण्याच्या, वारंवार वाहणाऱ्या कानाच्या उपचारांवर चाचणी करायची तर आधी तो कान पाहता आणि उघडता आला पाहिजे. म्हणून तिने एम.एस. ईएनटी करावे, हे तुमचेच म्हणणे मीही सांगते, फक्त त्याला जोडलेली हॉस्पिटल चालवण्याची अट काढून टाकून.

नीट-पीजीनंतरच्या फेऱ्या, पसंतीक्रम वगैरे तुम्हा दोघांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी एवढेच सांगेन की पसंतीक्रम भरताना कॉलेज घरापासून किती लांब हे न पाहता तिथल्या विभागात रुग्ण किती येतात आणि गाईड थिसिसकडे कसे पाहतात, हे आत्ताच्या निवासी डॉक्टरांना भेटून विचारावे. थिसिस सर्वांनाच करावा लागतो आणि बहुतेक जण शेवटच्या सहा महिन्यांत मागच्या वर्षीचा साचा पुढे ओढून तो उरकतात. तिने तो पहिल्या वर्षीच हाती घ्यावा : प्रश्न एका वाक्यात लिहावा, किती रुग्ण लागतील हे संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून काढावे, एथिक्स कमिटीची परवानगी घ्यावी आणि चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी ती देशाच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदवावी. पुढे अध्यापन रुग्णालयातली नोकरी, चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेसारख्या ठिकाणी सार्वजनिक आरोग्याची पदवी, संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या इंडिया अलायन्स या संस्थेच्या क्लिनिकल फेलोशिप असे रस्ते आहेत. चांगल्या चाललेल्या खासगी हॉस्पिटलइतका पैसा यांपैकी एकाही रस्त्यावर नाही. ही गोष्ट तिला तुम्हीच सांगा, पण धमकी म्हणून नव्हे.

राहिला हॉस्पिटलचा प्रश्न. त्याचे उत्तर मुलीकडे मागू नका, कारण तो प्रश्न तिचा नाही. नुकतेच एम.एस. होऊन बाहेर पडलेले आणि स्वतःचे हॉस्पिटल उभारण्याइतके भांडवल नसलेले तरुण सर्जन कमी नाहीत. त्यांपैकी एखाद्याला पगारावर नव्हे तर भागीदारीवर घ्या, म्हणजे दुसरा मजला आणि मायक्रोस्कोप दोन्ही कामाला लागतील. तुमच्याकडे २६ वर्षांचे केसपेपर जपून ठेवलेले असतील, तर ते रद्दीत घालू नका. पाटी मात्र काढून टाका. आणि मला पुढचे पत्र तिने लिहावे. टपालात टाकण्यापूर्वी ते तुम्ही वाचू नये.