नवं विंडोज येईपर्यंत लॅपटॉपसाठी थांबायचं का?

सप्टेंबर २०२१

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं कराडहून आलेलं पत्र मिळालं. मुलगा बारावीनंतर बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला गेला आहे. ऑनलाइन तास सुरू झालेत आणि तो ते मोबाइलवर बघतोय. भिशीचे ४५ हजार हातात आलेत. दुकानदार म्हणतो, ५ ऑक्टोबरला विंडोज ११ येतंय, दिवाळीला घ्या. मुलालाही वाटतं की आज घेतलेला लॅपटॉप महिन्याभरात जुना होईल. इकडे नणंदेचा मुलगा आपला सेव्हन्थ जनरेशनच्या (सातव्या पिढीच्या) आय५ प्रोसेसरचा लॅपटॉप २२ हजारांना द्यायला तयार आहे. यातलं काय करावं, असं तुम्ही विचारलंत.

थांबू नका. या आठवड्यातच नवा घ्या.

विंडोज ११ साठी वेगळे पैसे पडणार नाहीत. अस्सल विंडोज १० असलेल्या आणि अटींत बसणाऱ्या लॅपटॉपला ते फुकट मिळणार आहे, तेही टप्प्याटप्प्याने, २०२२ च्या मध्यापर्यंत. शिवाय विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळत राहतील. तुमच्या मुलाची पदवी २०२४ मध्ये पूर्ण होईल. म्हणजे नवं विंडोज त्याने घेतलंच नाही तरी पदवीपर्यंत त्याचं काही अडत नाही. दिवाळी ४ नोव्हेंबरला आहे. तोवर थांबलात तर दोन महिने जातील, आणि नेमक्या याच दिवसांत सी या प्रोग्रामिंग भाषेचा पाया घातला जातो. लूप, ॲरे, फंक्शन या गोष्टी नुसत्या बघून येत नाहीत. प्रोग्राम स्वतः टाइप करावा लागतो, तो चुकतो, एरर वाचावी लागते, पुन्हा चालवावा लागतो. माझ्याकडे दुसऱ्या वर्षात ‘मला कोडिंग जमत नाही’ म्हणत येणाऱ्या मुलांशी बोलताना बहुतेक वेळा कळतं की पहिले काही महिने त्यांच्या हाताखाली कीबोर्डच नव्हता. मला काळजी वाटते ती याची.

तारखेपेक्षा आत काय आहे ते पाहा. मायक्रोसॉफ्टने या वेळी अट कडक ठेवली आहे: इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण एट्थ जनरेशन किंवा पुढचा, आणि सोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. प्रोसेसरच्या नावात जनरेशन लिहिलेली असते. आय५-७२००यू मधला ७ म्हणजे सेव्हन्थ, आय३-१११५जी४ मधले ११ म्हणजे इलेव्हन्थ. दुकानातल्या पाटीवर नुसतं ‘आय५’ लिहिलेलं असतं, तेवढ्यावर जाऊ नका. इलेव्हन्थ जनरेशनचा आय३ तुमच्या पैशांत बसावा. एएमडीचा रायझन ३ किंवा ५ मिळाला तरी चालेल, फक्त मॉडेल नंबर विंडोज ११ च्या यादीत आहे का ते बघून घ्या.

मायक्रोसॉफ्टच्या अटींत ४ जीबी रॅम पुरते असं लिहिलंय. त्यावर विसंबू नका. २००६ मध्ये, विंडोज व्हिस्टा यायच्या आधी, ‘व्हिस्टा केपेबल’ असा स्टिकर लावलेले कॉम्प्युटर विकले गेले. त्यातल्या कित्येकांवर व्हिस्टाची फक्त सगळ्यात साधी आवृत्ती नीट चालायची, आणि त्यावरून अमेरिकेत लोक कोर्टात गेले. चालणं वेगळं आणि रोज चार तास त्यावर काम करणं वेगळं. उद्या मुलाला विंडोजच्या आत लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालवून बघायचं झालं, आणि या शाखेत ते होणारच, तर ८ जीबी रॅम लागेल. रॅम पुढे वाढवता येते का, हेही विचारा. डिस्क एसएसडीच (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान असते ती) हवी, २५६ जीबीची असली तरी चालेल. १ टीबीच्या हार्ड डिस्कचा मोह टाळा, तो लॅपटॉप सुरू व्हायलाच वेळ खाईल.

आणखी एक. ‘डॉसवाला घ्या, विंडोज आम्ही टाकून देतो, पाच हजार वाचतील’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. डॉसवाला म्हणजे विंडोज न टाकता विकलेला. असं टाकलेलं विंडोज बहुधा अस्सल नसतं. बिलावर विंडोज १० होम लिहून घ्या आणि दुकानातच सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन, म्हणजे विंडोज अस्सल म्हणून सुरू झालंय का, ते तपासा.

नव्या विंडोजचा निरोप स्क्रीनवर आला की मुलगा लगेच बटण दाबेल. त्याला सेमिस्टर परीक्षा होईपर्यंत थांबायला सांगा. नंतर घेतलं आणि पटलं नाही, तर १० दिवसांत विंडोज १० वर परत येता येतं. तुम्ही लिहिलंय की तुमचं एमएस-सीआयटी विंडोज एक्सपीवर झालं होतं. तेव्हा शिकलेल्या फाइल, फोल्डर, कॉपी-पेस्ट आजही तशाच आहेत ना? मुलाची सी भाषाही विंडोज बदललं म्हणून बदलणार नाही.

राहिला नणंदेच्या मुलाचा लॅपटॉप. वाईट मुळीच नाही, सी आणि डेटाबेस त्यावर सहज चालतील. पण तो विंडोज ११ च्या अटीत बसत नाही, आणि मुलाने पुढे एमसीए केलं तर तिथलं दुसरं वर्ष २०२५-२६ मध्ये येतं, म्हणजे ऐन तेव्हा अपडेट थांबलेले असतील. वॉरंटी संपलेली, बॅटरी चार वर्षं वापरलेली. १० हजारांत मिळाला असता तर मी विचार करा म्हटलं असतं. २२ हजार जास्त होतात.

नात्यात नाही म्हणणं जड जातं, हे तुमच्या पत्रातूनही जाणवलं. त्याला फोन करून सांगा की, कॉलेजला वॉरंटीचा नवा घ्यायचं ठरलंय, पण निवडायला तूच हवास, रविवारी आमच्याबरोबर दुकानात ये. हे पत्रही त्याला दाखवा. प्रोसेसरचा नंबर आणि ॲक्टिव्हेशन तो तुमच्यापेक्षा लवकर तपासेल.