जायरो परवान्यात अडकलाय? आधी डेटाशीटवरचा आकडा बघा

"जायरो ड्रोनच्या कॅमेऱ्यासाठी मागवलाय, आमचा क्षेपणास्त्राशी काय संबंध?" तुमचा हा वैताग अगदी ओळखीचा आहे. आमचीही निर्यात-परवान्याची फाइल अशीच लोळत पडली होती.

संबंध तुमचा नाही, वस्तूचा आहे. जायरो म्हणजे वस्तू किती वेगानं फिरतेय ते मोजणारा सेन्सर. तेलविहिरीच्या ड्रिलला दिशा दाखवणारा सेन्सर क्षेपणास्त्रालाही चालू शकतो. ॲक्सेलरोमीटरमध्ये, म्हणजे त्वरण मोजणाऱ्या सेन्सरमध्ये, एक मिली-जी (गुरुत्व-त्वरणाचा हजारावा भाग) इतकीच कायमची चूक राहिली, तरी 100 सेकंदांत जागेचा अंदाज जवळपास 49 मीटरनं सरकतो. म्हणून चांगल्या सेन्सरवर डोळा असतो. 1987 साली सुरू झालेल्या एमटीसीआरच्या (क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर लगाम ठेवणारी अनेक देशांची व्यवस्था) यादीत जायरोची रेषा ताशी 0.5 अंशाच्या ड्रिफ्ट-स्थिरतेवर आखली आहे. ड्रिफ्ट म्हणजे जायरोच्या मोजणीचं आपोआप सरकत जाणं.

गोची इथंच आहे. डेटाशीटवर ठळक छापतात ती बहुतेकदा 'बायस इन्स्टॅबिलिटी', म्हणजे ॲलन आलेखाचा (सरासरीचा कालावधी वाढवत नेला की चूक किती उरते, ते दाखवणारा आलेख) तळ. बायस म्हणजे सेन्सर न फिरताही दिसणारी चूक. यादीतली स्थिरता वेगळी: तापमान स्थिर ठेवून, कॅलिब्रेट केलेल्या मूल्यापासून पडणाऱ्या फरकाचं प्रमाण विचलन. परवाना देणाऱ्या कार्यालयानं (नाव घेत नाही) पहिला आकडा उचलून दुसऱ्याच्या रकान्यात बसवला आणि फाइल परत पाठवली. शेरा: "माहिती अपुरी". कोणती, ते सांगायचं नाही. फोन केला तर "लेखी विचारा", लेखी विचारलं तर उत्तरच नाही. निर्यात नियंत्रण हवंच, पण निदान काय हवंय ते तरी सांगा ना!

शेवटी गाडी हलली ती उत्पादकाच्या पत्रानं. वर्गीकरण कोणतं, आकडा कुठल्या परिस्थितीत मोजला, दोन्ही लेखी मागा. अंतिम वापर साध्या वाक्यांत लिहा. नुसतं "संरक्षणासाठी नाही" म्हणून भागत नाही. आणि सेन्सर मुद्दाम कमी अचूक दाखवायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्या नादी लागू नका, ते सरळ बेकायदा आहे. मी वकील नाही. देशागणिक नियम बदलतात, काही ठिकाणी जास्त कडकही असतात.

जाता जाता: जायरो हाती आला की टेबलावर स्थिर ठेवूनही तो शून्य दाखवणार नाही. पृथ्वीचं ताशी 15.04 अंशांचं फिरणं त्यात मिसळतं. अक्ष वर, मग खाली करून सरासरी घ्या, बायस वेगळा निघेल. दोन अक्षांचं रेट टेबल (सेन्सर ठरावीक वेगानं फिरवून तपासायचं यंत्र) घ्यायचा विचार असेल तर तेही ठरावीक अचूकतेपुढे त्याच यादीत येतं, त्याची चौकशी आत्ताच सुरू करा.