वाचकांचे प्रश्न : सुरणाचा वास, सीताफळाची गळ

प्रश्न : कुंडीतल्या सुरणाला मे महिन्यात पानाऐवजी जांभळं फूल आलं. संध्याकाळी उंदीर मेल्यासारखी दुर्गंधी सुटली. आधी गॅस गळतोय असंच वाटलं. झाडाला रोग आहे का? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : झाड ठणठणीत आहे. गॅसची शंकाही अगदी रास्त. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळतात ते वासाचं द्रव्य आणि सुरणाचा वास, दोन्ही गंधकाच्या संयुगांचे. म्हणून असा वास आला की आधी शेगडी आणि रेग्युलेटर तपासा, मग कुंडीकडे वळा.

सुरणाच्या वासात डायमिथाइल डायसल्फाइड आणि डायमिथाइल ट्रायसल्फाइड ही द्रव्यं मुख्य असतात. मांस सडतानाही हीच सुटतात. त्यामुळे सडक्यावर जगणारे भुंगेरे फसून फुलात उतरतात. वास येतो तो वरच्या सुरकुतलेल्या जांभळ्या गोळ्यातून. त्या संध्याकाळी तो हवेपेक्षा गरम होतो आणि ही द्रव्यं भराभर उडतात. तेव्हा गोळ्याखालच्या दांड्यावर, अगदी तळाशी असलेली बारीक मादीफुलं तयार असतात. त्यांच्या वरच्या नरफुलांचा पराग दुसऱ्या दिवशी सुटतो. तोवर मादीफुलांची वेळ टळलेली असते, म्हणून एकट्या फुलाला बी धरत नाही. बी हवंच असेल तर एक दिवस आधी उमललेल्या दुसऱ्या झाडाचा पराग ब्रशने तळाच्या मादीफुलांवर लावा.

वास सहन होत नसेल तर फक्त तो गोळा धारदार सुरीने कापून पिशवीत घट्ट बांधून टाका. हातमोजे घाला, नाहीतर हाताला खोबरेल तेल चोळा. कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी खाज सुटते. कुंडीत फिनेल ओतू नका : वास वरून येतोय, कंद मात्र खाली जळेल. कंद पोसायचा असेल तर फुलाचा दांडाच बुडाशी कापा. काप सुकेपर्यंत पाणी देऊ नका, नाहीतर कंद तिथूनच कुजतो.

पहिल्या पावसात ठाण्याच्या बाजारात येणारी शेवळं ही सुरणाचीच रानटी भावंडं. ती न उमललेली खुडतात, म्हणून त्यांना हा वास नसतो. खाज मात्र असते, म्हणून तर सोबत काकडं (काकड या रानझाडाची आंबट फळं) लागतात.

प्रश्न : गच्चीवरच्या सीताफळाला फुलं भरपूर, फळ एकही नाही. (नेरूळ, नवी मुंबई)

उत्तर : सीताफळाच्या फुलाला पिकल्या फळासारखा वास असतो आणि त्यावर अगदी बारीक भुंगेरे येतात. उंच गच्चीवर ते पुरेसे पोहोचत नसावेत. हेही फूल आधी मादी, मग नर. त्यामुळे पराग हाताने द्यावा लागतो. पहाटे पूर्ण उघडलेल्या फुलातले केसर कागदावर झटका आणि उन्हं तापण्याआधी, पाकळ्या जेमतेम विलग झालेल्या फुलाच्या मधल्या चकचकीत, चिकट उंचवट्यावर मऊ ब्रशने चहूबाजूंनी फिरवा. एकाच बाजूला पराग लागला तर फळ वाकडं येतं, कारण तिथले डोळे भरतात आणि उरलेले भरत नाहीत.