आधी बादली, मग समुद्र

अरे, तुझा रात्रीचा मेसेज सकाळी चहा पिताना वाचला. मास्कमध्ये पाणी शिरलं, तू धडपडत वर आलास, मित्र हसले आणि आता म्हणतोस स्कूबा डाइव्हिंग आपलं काम नाही. मला ५७ व्या वर्षी अगदी हेच झालं होतं, फक्त बॅचमधली पोरं हसली नाहीत, "काकू ठीक आहात ना" म्हणाली, ते जास्त लागलं.

आधी सांग, इन्स्ट्रक्टरला भीती वाटते असं बोललास का? नाही ना? माझ्या वयात एक सोय असते, लाज बरीचशी संपलेली असते. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मी घाबरते, मला सगळं दोनदा दाखवा. लहानपणी टिळक टँकवर पोहायला शिकलेली बाई मी, तरी पाण्याखाली मास्क काढायला मला बाकीच्यांच्या दुप्पट वेळ लागला. कोर्स झाल्यावर मिळणाऱ्या कार्डावर ते कुठे लिहीत नाहीत.

मास्कचं म्हणशील तर घोळ नाकाचा आहे. नाकाला पाणी लागलं की आपण नाकाने श्वास ओढतो आणि संपलं. मी घरी बादली भरायचे, मास्क न लावता तोंडात स्नॉर्कल, म्हणजे श्वासाची नळी, चेहरा पाण्यात आणि नुसता तोंडाने श्वास, दोन मिनिटं, रोज (आमच्याकडे वाटलं ही गेली कामातून). हे जमलं की मास्क रिकामा करणं सोपंय, वरची कड दाबायची, मान जरा वर आणि नाकाने हवा सोडायची.

कानाचं तर तुला माहितीच आहे, ताम्हिणी उतरताना दडे बसतात ना, तेच, पण पाण्यात फार लवकर. दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दर थोड्या अंतरावर. नाही सुटला कान तर थोडं वर यायचं, जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्हच नाही, पैसे गेले तरी चालतील.

आणि श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो, तिथे भरून घेतलेली हवा वर येता येता दुप्पट फुगते आणि फुफ्फुसाला इजा होते. घाबरलेला माणूस नेमका श्वास धरून वर पळतो, म्हणून तर मी तुझ्या भीतीबद्दल एवढं बोलतेय.

मेडिकल फॉर्मवर लहानपणचा दमा लपवू नकोस हं. मी बीपीच्या गोळीसाठी डॉक्टरांची सही आणली होती, काही नाक कापलं गेलं नाही.

मालवणचा तुमचा प्लॅन मला पटला नाही. रविवारी दुपारी डाइव्ह आणि लगेच घाट चढून सोमवारी ऑफिस? डाइव्हमध्ये अंगात विरघळलेला नायट्रोजन उंचावर दाब कमी झाला की बुडबुडे करू शकतो, म्हणून तर विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान १२ तास थांबायला सांगतात, जास्त डाइव्ह असतील तर १८. घाट म्हणजे विमान नाही, मान्य, पण पुणंसुद्धा ५६० मीटरवर आहे आणि आंबोली त्याहून वर. मी ती रात्र तारकर्लीतच काढते, सोलकढी पिते नि झोपते. सोमवारची सुट्टी टाक.

शनिवारी सकाळी तुमच्या सोसायटीच्या पूलवर येते, स्नॉर्कल माझ्याकडे दोन आहेत. मित्रांना आणू नकोस. किंवा आणच, बघू किती हसतात.